बुरशी धरलेल्या एकोणीस बाटल्या

मी, मार्था सॅन्टन तुस्कानो, वय ७६, राहणार भुईगाव, ता. वसई, मुंबईच्या एका संशोधन संस्थेतील निवृत्त प्रयोगशाळा सहायक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके देवाच्या कृपेने शाबूत आहे.

१. केळीच्या वाडीतला माझा हिस्सा भाऊ स्टॅनी यास. तीस वर्षे तो गावभर सांगत फिरला, "माजी बहीन मुंबयला माश्या मारते." मी प्रयोगासाठी बाटल्यांत फळांवरच्या माश्या पाळत होते, आणि त्यांचे खाणे याच वाडीच्या केळ्यांचे शिजवत होते. तरी वाडी त्यालाच. राबला तोच.

२. माझी खोली, भिंग आणि १९८७ ची वही स्टॅनीची मुलगी डायना हिला. वहीबद्दल लिहिणे भाग आहे. आमच्याकडे 'टोल' नावाचे जनुक बिघडलेल्या माश्या होत्या. अंड्यातल्या माशीचे पोट कुठे, पाठ कुठे हे ते जनुक ठरवते, एवढेच तेव्हा ठाऊक. नेमक्या त्याच माश्या बुरशी धरून मरायच्या. स्वच्छतेत माझा हात कोण धरणार! बाटली उकळून घासायची आणि वहीत लिहायचे, "घाण, फेकली." असे एकोणीस वेळा. शेजारच्या बाटल्यांत तेच केळे, तेच हात, आणि माश्या धडधाकट. माझ्या डोक्यात काही आले नाही. १९९६ साली फ्रान्समधल्या लोकांनी दाखवले, की टोल बिघडला की माशीला बुरशीशी लढता येत नाही. पुढच्या दोन वर्षांत माणसातही तसलेच टोल सापडले, आणि उंदरांत ते जंतूंची चाहूल घेतात हे कळले. त्या फ्रान्सवाल्यांनी छापलेला बुरशीने माखलेल्या माशीचा फोटो पाहून मी खूप रडले.

३. डायना पुण्यात माश्यांवरच पीएचडी करते. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, "आत्या, एकाच जातीच्या माश्यांच्या बाटल्या सारख्या बुरशी धरून खराब होतात. माझेच हात घाण असतील. सगळं फेकते आणि सोडून घरी येते."

मी ओरडले, "एक बाटली फेकशील तर खबरदार! शेजारच्या बघ आधी."

शेजारच्या स्वच्छ निघाल्या. पुढे काय सापडेल ते देव जाणे, कदाचित काहीच नाही. पण पोरगी काम न सोडता तिथेच थांबली, याचा मला फार आनंद आहे.

४. अट एकच. वहीतले काही खोडू नये.

सुट्टीला आलेली डायना साक्षीला बसणार होती. ज्याला मिळायचे त्याने साक्षी होऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून ती ओट्यावर वही वाचत बसली आहे. एकोणिसाव्या नोंदीखाली मी आज सकाळी लिहिले आहे, "घाण नव्हती. मी बघितले नाही. तू बघ."

सही : मार्था सॅन्टन तुस्कानो

माझ्यासमक्ष सह्या करणारे साक्षीदार :
फेबियन लोपीस, शेजारी
जयवंती म्हात्रे, निवृत्त शिक्षिका

भुईगाव, दि. ९ फेब्रुवारी २०२५