खालच्या पलंगावरचे दहा दिवस

११ ऑक्टोबर

सकाळपासून सात वेळा. पुढे मोजणं सोडलं! पोटात कुणीतरी ओला पंचा पिळतंय. दोनदा उलटी. वसतिगृहाचा संडास बोळाच्या टोकाला, आणि दाराची कडी लागत नाही. एका हातानं दार धरायचं, दुसऱ्या हातानं पोट.

चिमणी म्हणते, स्टँडवरच्या नळाचं पाणी बाधलं. तीही तेच प्यायली होती. तिला काही नाही! नणंदेच्या पोटात दगड विरघळतात. घरात शेंडेफळ म्हणून चिमणी. आता चाळिशी उलटली, शाळेत पीटी शिकवते, माझी सॅकही तीच उचलते, तरी चिमणीच.

ही परदेशवारी तिचीच कल्पना. हे जाऊन सहा महिने झाले तशी माझ्या मागे लागली. "वहिनी, सॅक भर. घरात बसून भिंतीला ओल येते, माणसालाही येते." मी नाही म्हटलं नाही. हो म्हणायला जेवढी ताकद लागते, तेवढीच नाही म्हणायला.

१२ ऑक्टोबर

घोटभर पाणी — तेही बाहेर.

१३ ऑक्टोबर

चिमणी औषधाच्या दुकानात जाऊन आली. भाषा येत नाही, मग तिनं अभिनय करून दाखवला म्हणे. आधी पोट धरलं, मग खाली बसली, मग तोंडानं आवाज काढला. "रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकली गं! पण पुडी बरोबर मिळाली." जलसंजीवनीची पुडी. एक लिटर पाण्यात एक, घोट घोट.

हसायला हवं होतं. हसायचं आहे हे कळलं, हसू आलं नाही. हल्ली असंच. दवाखान्यात दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो आणि नसतो, तसं. आमच्या लॅबमध्ये मी कवळ्या बनवते — दिवसभर लोकांचे दात हातात. बरं काम. दातांना तुम्ही कसे आहात हे विचारावं लागत नाही.

१४ ऑक्टोबर

उठले आणि बोळातच पडले. चिमणीनं खांद्यावर घेतलं, खरंच, पोतं घेतात तसं! दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. डॉक्टरीणबाईंनी हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. त्यांनी मान हलवली. सलाईन.

"ही तुमची कोण?" असं काहीतरी विचारलं असणार. चिमणी म्हणाली, "सिस्टर. माय सिस्टर."

बाटलीतून थेंब पडत होते. वेग जास्त होता. मी हात वर करून नळीवरचं चाक थोडं फिरवलं. नर्स ओरडली. पाच महिने तेच केलंय, हात आपोआप गेला.

१५ ऑक्टोबर

परत वसतिगृहात. आठ पलंगांची खोली, आम्ही खिडकीकडे. माझा खालचा, चिमणीचा वरचा. ती कुशीवर वळली की पट्ट्या वाकतात आणि मला वाटतं, आता आपला शेवट नणंदेखाली चिरडून.

आज अंथरूण खराब झालं. माझ्याकडून. चिमणीनं चादर गुंडाळली, मला पुसलं, कपडे बदलले. "लाजू नको. पहिलीच्या पोरांचं रोज करते."

पलीकडच्या पलंगावरच्या निवृत्त नर्स मदतीला आल्या. पांढरे केस, एकट्या फिरतात. चिमणी त्यांना मोडक्या इंग्रजीत माझी कहाणी सांगत बसली. माझा दादा, कॅन्सर, पाच महिने. हिनं नोकरीतून रजा घेतली. रात्र नाही, दिवस नाही. "लाखात एक आहे माझी वहिनी." त्या बाईंनी माझा हात हातात घेतला. डोळे भरले त्यांचे.

मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांना वाटलं, दुखतंय.

१६ ऑक्टोबर

आज लिहून टाकते. कुठेच लिहिलं नाहीये.

मागच्या वर्षी, याच दिवसांत, मी गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली ठरवली होती. एक खोली, मोरी, गॅलरी. किल्ली घेतली होती. ह्यांनी कधी मारलं नाही, प्यायले नाहीत, बाहेर काही नाही. कुणाला काय कारण सांगणार होते? चौदा वर्षं एका घरात, आणि बोलणं एवढंच — दूध आलं का, गॅस संपला. भांडण असतं तर भांडून तरी मिटलं असतं. मी सोमवारी सांगणार होते. शनिवारी रिपोर्ट आला.

किल्ली परत दिली. मग पाच महिने. सगळे म्हणाले, काय सेवा केली! केली. कवळी घासावी तशी, नीट, कडेकडेनं. प्रेमानं केली का, ते मला आजही सांगता येत नाही.

१७ ऑक्टोबर

दोन घास मऊ भात. राहिला!

१८ ऑक्टोबर

चिमणी माझे केस विंचरत होती. आठ दिवसांचा गुंता. खालून हलक्या हातानं सोडवत होती, "दुखलं का, दुखलं का" करत. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "चिमणे, मी तुझ्या दादाला सोडून जाणार होते. खोलीसुद्धा घेतली होती. आजारपण निघालं म्हणून राहिले."

कंगवा थांबला. मग परत चालू झाला. "गुंता फार आहे," एवढंच म्हणाली. वेणी घातली, टोकाला रबर लावलं, आणि चपला घालून बाहेर गेली. संध्याकाळपर्यंत आली नाही.

१९ ऑक्टोबर

चिमणी जलसंजीवनीची बाटली भरून उशाशी ठेवते. भात आणते. बोलत नाही. नर्सबाई एकदा तिच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे.

ती निघून गेली तर मला कुणी उरत नाही. माहेर केव्हाच मिटलंय. भीती वाटायला हवी. पायाचे तळवे गार पडलेत, एवढं कळतंय.

२० ऑक्टोबर

सकाळी चिमणी माझ्या पायाशी येऊन बसली. म्हणाली, "मला माहीत होतं. त्या खोलीची मालकीण आमच्या शाळेत क्लार्क आहे. तुझी वहिनी भाडेकरू म्हणून कशी आहे, असं मलाच विचारलं तिनं. मी दादाला सांगितलं. रिपोर्टच्या आधी."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, जाऊ दे तिला. खरंच म्हणाला. रिपोर्ट आल्यावर म्हणाला, आता तोंडातून शब्द काढू नकोस. मला एकट्याला मरायची भीती वाटते." चिमणीनं नाक पुसलं. "मी गप्प बसले. पाच महिने तुला राबताना बघत. परवा तू माझी माफी मागितल्यासारखी बोललीस, मला तुझ्यापुढे उभं राहवेना."

पाच महिने मी त्यांचं तोंड पुसत होते, आणि त्यांना माहीत होतं.

मग मी रडले. हे गेल्यापासून पहिल्यांदा. हुंदके देऊन, नर्सबाईंसमोर, नाकातोंडातून!

चिमणी बाटली पुढे करत म्हणाली, "रड. पण मधे मधे पीत जा गं बाई, आत्ताच कुठे पाणी भरलंय तुझ्यात."