उजवी खुर्ची

१४ नोव्हेंबर २०११, सोमवार

आलो एकदाचे. तुमसरला किराणा, दोन बादल्या आणि नवा कुकर घेतला आणि कंपनीच्या जीपने सागाच्या रानातून हाडं खिळखिळी करत तिसऱ्या प्रहरी इथे पोचलो. नाकाडोंगरी मागे पडली की मँगनीजची खाण, खाणीपलीकडे मालकांची खासगी हवाईपट्टी आणि पट्टीच्या काठाला आमचं क्वार्टर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पेरूचं झाड. भंडाऱ्याला सासूबाईंच्या घरी नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर जावं लागे. इथे मी एकटी मालकीण. दारातच सुगतला बजावून टाकलं की आता या घरात राज्य माझं. तो हसला आणि बरं म्हणाला.

तोंडावर त्याला 'अहो' म्हणते, पण या वहीत नावानेच लिहिणार. तेवढी चैन मला हवीच.

सुगत मालकांचं आठ आसनी जेट चालवतो. खरं तर चालवायचा. मागच्या वर्षी उड्डाण करताच वेगाच्या काट्याने दगा दिला. विमान कसंबसं परत उतरवलं, पण ते पट्टी संपून झाडीत घुसलं. सुगतला ओरखडाही नाही. मला बघायला आला तेव्हा त्याने आपणहून सांगितलं होतं, "माझे को-पायलट त्यात वाचले नाहीत." गेलेल्या माणसाबद्दल इतक्या अदबीने बोलतो म्हणून तो मला तिथेच आवडला. मालकांनी आता दुसरं विमान घेतलंय, पण डिसेंबरात हैदराबादला सिम्युलेटरवर परीक्षा पास झाल्याशिवाय याला त्यात बसता येणार नाही. नापास झाला तर ही नोकरी गेली आणि दुसरीही कोणी देणार नाही.

कामाला गावातून मालनबाई येणार आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी लाखोरीच्या डाळीचा कोवळा पाला भाजीला आणून दिला. लसणाची फोडणी दिली, सुगत दोन भाकरी जास्त जेवला.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळचा चहा झाला की सुगतचा सराव सुरू होतो. भिंतीवर कागदाचे काटे चिकटवलेत. त्यांच्यासमोर दोन खुर्च्या शेजारी शेजारी. डावीवर हा बसतो, उजवी रिकामी.

आज मी खनपटीलाच बसले, तेव्हा त्याने समजावून सांगितलं. विमानाच्या नाकाजवळ बोटाएवढी नळी असते, तिला पिटो म्हणतात. समोरचा वारा तीत शिरतो आणि त्यावरून वेग कळतो. नळी बुजली की काटा खोटं बोलायला लागतो. विमान वर चढेल तसतसा तो सांगतो की वेग वाढतोय. वैमानिक घाबरतो, वेग कमी करायला नाक आणखी वर ओढतो, खरा वेग घटत जातो आणि विमान कोसळतं. मागच्या वर्षी असंच व्हायला लागलं होतं. एक उड्डाण रद्द झालं, नळीवरचं झाकण परत घालायचं राहिलं आणि कुंभारीण माशीने आत मातीचं घर केलं.

अशा वेळी काट्याकडे बघायचंच नाही. ऑटोपायलट बंद करायचा. नाक क्षितिजापासून दहा अंश वर धरायचं, इंजिनांना ठरलेली ताकद द्यायची. एवढं हललं नाही तर वेग असायला हवा तेवढा असतोच, काटा काही का बोलेना. मग नळीचा हीटर बघायचा, दोघांचे काटे आणि मधला राखीव काटा ताडून बघायचे. एकाने विमान धरायचं, दुसऱ्याने वाचायचं आणि उत्तरं द्यायची. विमान कोणाच्या हातात आहे ते मोठ्याने बोलायचं. ताबा तुझा. ताबा माझा. दोघांनी एकदम धरलं तर ते कोणाचंच ऐकत नाही. हे खरं तर इंग्रजीत म्हणतात, पण 'आम्ही' मराठीत म्हणायचो, असं सांगताना तो जरा लाजला.

मग तो रिकाम्या खुर्चीला एकेक विचारत गेला. उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबायचा, मान हलवायचा. मला हसू आवरेना. मी बसू का म्हटलं तर म्हणाला, तू कंटाळशील.

२१ नोव्हेंबर, सोमवार

मालनबाई त्या खुर्चीला वळसा घालून झाडतात. का म्हणून विचारलं तर झाडू थांबवून म्हणाल्या, "तिथं म्याडम बसते न, बाई."

कोण मॅडम? तर रत्नमाला मॅडम, साहेबांच्या सोबत विमान चालवायच्या त्या. कमरेपर्यंत वेणी, गोड बोलणं, मालनबाईंच्या नातवाला खाऊ आणायच्या. त्याच अपघातात गेल्या. साहेबांचे हात थिजले होते, मॅडमनेच विमान खाली आणलं, आणि झाडं आदळली ती त्यांच्याच बाजूला.

माझे को-पायलट वाचले नाहीत. वाच-ले! माझ्या चिठ्ठ्यांतल्या वेलांट्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला 'वाचल्या' म्हणता आलं नाही? मी त्या 'ले'वर भाळून लग्न केलं.

तो घरी आल्यावर चपला काढायच्या आत विचारलं. म्हणाला, तू विचारलंच नव्हतंस. मग विचारलं, सुंदर होती का. यावर त्याने विचार केला. खूप विचार केला. म्हणाला, तिचा आवाज कधी हलायचा नाही. सुंदर होती म्हणाला असता तर मी एकदा रडून मोकळी झाले असते.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

पोळ्या लाटत होते. बाहेर याचा सराव चाललेला. त्याने विचारलं, नाक? आणि बाईचा आवाज आला, "दहा अंश. धरलंय."

फोन स्पीकरवर असेल असं वाटलं. लाटणं घेऊनच बाहेर गेले. फोन कपाटावर बंद पडलेला. सुगत मान हलवत होता आणि त्याचे हात, जे एरवी चहाचा कपही हिंदकळवतात, मांडीवर अगदी शांत होते. मला बघून म्हणाला, काय झालं?

आमच्या घरात भूत-भानामती कोणी मानलं नाही. बाबांनी एसटीत कंडक्टरी करता करता तीस गावांत अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध भाषणं ठोकली. तेव्हा मला भास झाला असणार. राग मात्र भास नाही. जिवंतपणी त्याच्या शेजारी ती, मेल्यावरही तीच, आणि मी पोळ्या लाटायला.

२७ नोव्हेंबर, रविवार

आज मी त्या खुर्चीत बसले. न विचारता. पदर खोचून, मांडी ठोकून बसले म्हटलं तरी चालेल. सगळी उत्तरं पाठ केली होती. सुगतने पहिला प्रश्न विचारला.

पहिल्या फेरीत माझं बरोबर होतं, पण याचे हात थरथरायला लागले. म्हणाला, तू छान म्हणतेस, फक्त ती हे खालच्या स्वरात म्हणायची. मी खालच्या स्वरात म्हटलं. मेलीची नक्कल करायची वेळ आली माझ्यावर. पण त्याचे हात थांबले, तेव्हा मला आनंदही झाला. लाज वाटावी इतका.

२ डिसेंबर, शुक्रवार

रोज बसते. आज त्याने मी पाठ केलेल्यात नसलेलं काहीतरी विचारलं. मला येत नव्हतं. येत नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून उत्तर आलं. आकड्यांसकट, खालच्या स्वरात, घाई नाही.

सुगत माझ्याकडे वळला. लग्न झाल्यापासून ज्या नजरेची वाट बघत होते तीच नजर. पण ती माझ्या चेहऱ्यावर थांबली नाही, जराशी आत गेली.

७ डिसेंबर

उजवा कान बसलाय. तुमसरच्या डॉक्टरांनी चिमट्याने मातीची गोळी काढली. ओली, गोल, मधून पोकळ. खाणीची धूळ म्हणाले. सुगत शेजारी बसून त्या गोळीकडे बघत होता. त्याने ती रुमालात बांधली.

मालनबाई म्हणाल्या की लागीर आहे, माहेरी निघून जा. मी उडवून लावलं. मी गेले की घर कोणाचं? तिला तेच तर हवंय. हवाईपट्टी तिची, विमान तिचं. ही एवढी दोन खोल्यांची जागा माझी आहे आणि मी ती सोडणार नाही.

१४ डिसेंबर

पास झाला! हैदराबादहून फोन आला. सिम्युलेटरमध्ये मुद्दाम काटे बिघडवले आणि याचे हात हलले नाहीत. मी रडलेच. नोकरी राहिली, घर राहिलं. सासूबाईंना फोन केला, त्याही रडल्या.

नंतर भांडी घासताना ध्यानात आलं. फोनवर तो म्हणाला होता, "आम्हाले जमलं." आपल्याला नाही. आपल्याला म्हटलं असतं तर त्यात मीही असते.

१६ डिसेंबर

परत आला. पेढे आणले. पहिला पेढा उजव्या खुर्चीवर ठेवला, मग मला दिला.

परीक्षा संपली. भिंतीवरचे कागद त्याने स्वतःच फाडले. मी खुर्च्या आत नेऊन ठेवल्या. चहा झाल्यावर त्याने त्या परत मांडल्या. मी विचारलं, आता कशाला? म्हणाला, सवय राहावी म्हणून. आज त्याने विमानाचं काहीच विचारलं नाही. हैदराबादचं जेवण कसं होतं, पाऊस आठवतो का, असलं बोलत बसला. माझ्या तोंडाने सगळ्याची उत्तरं दिली. कुठला पाऊस? मला माहीत नाही. त्या पावसात मी नव्हते.

इतके दिवस मी मनाशी म्हणत होते, तो हे नोकरीसाठी करतोय.

१९ डिसेंबर

आज बसायचंच नाही ठरवलं. पेरूखाली तांदूळ निवडत बसले.

मग खुर्चीत होते. चहा पुढ्यात निवलेला. मधली दुपार कुठे गेली कळत नाही. मी अंबाडा घालते, केस वेणीत होते. एकच वेणी, घट्ट. सुगतने तिला हात लावला. मला इतकं बरं वाटलं — आणि मग कळलं की हे बरं वाटणं माझं नाही.

मालनबाई आल्या नाहीत. निरोपही नाही.

२० डिसेंबर

त्याला सरळ विचारलं. तुम्हाला ऐकू येतं ना? तुम्हाला माहीत आहे ना ती इथे —

हो म्हणाला. पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, मग मला कशाला आणलंत लग्न करून. तो उजव्या खुर्चीवरची धूळ पुसत राहिला.

तिला बसायला अंग नव्हतं. एवढंच. म्हणून मी.

२१ डिसेंबर

जायला निघाले होते. पिशवी भरली. नाकाडोंगरीला दुपारची एसटी असते. फाटकापर्यंत गेले. मागे वळून बघितलं तर तो खुर्च्या मांडत होता — दोन. मी नसताना दोन. मला ते बघवेना. परत आले. मीच परत आले, कोणी ओढलं नाही —

तिने मनासारखं बसावं आणि मी बसमध्ये असावं? नाही.

खुर्चीत बसून दात घट्ट आवळून धरले. तिला बोलू दिलं नाही. हात वळवळत होते, दोन्हीकडून धरल्यासारखे. सुगत जमिनीवर बसला. माझा हात हातात घेतला. इतक्या मायेने त्याने कधी —

म्हणाला, "तृप्ती, तू सोड ना आता. तिले जमते."

२२ डिसेंबर

लिहिताना ती येत नाही. अजून. म्हणून सकाळपासून लिहितेय. मी तृप्ती. बाप कंडक्टर. लाखोरीला लसूण —

तोंड गेलं. सकाळी दूधवाल्याशी ती बोलली. कान दोन्ही बुजलेत तरी त्याचा आवाज येतो. फक्त त्याचा. पावलंही तिची पडतात —

हात माझा आहे. उजवा. बोटं जड. नखांत माती. सोडणार नाही, मेले तरी — सोडलं तर तो तिच्याकडे बघेल माझ्या तोंडाकडे बघून आणि मी आत बसून बघत राहीन, रोज, चहाच्या वेळी —

दारात आलाय. न्हाऊन, नवा शर्ट. माझ्यासाठी कधी घातला नाही. लाडाने विचारतोय, ताबा कोणाचा?

मी म्हणणार, माझा. तीही म्हणणार, माझा. तोंड एकच. कोणी म्हटलं हे त्याला कसं — त्याला काय —

परत विचारतोय. हसतोय. बोटं उघडतायत, मी उघडत नाही — अहो — सुगत, इकडे बघा, मी मा