शंभर अधिक वय

बाबा, आज सकाळी मी रक्तदाबाची पहिली गोळी घेतली, तुमच्या हिशेबाला न जुमानता घेतली. मशीन एकशे शेहेचाळीस दाखवत होतं आणि मी अठ्ठेचाळीसची आहे. शंभरात वय मिळवलं की झालं, या तुमच्या गणितानं मी ठणठणीत. पण ते गणित मला मान्य नाही. वयाबरोबर नसा कडक होतात, वरचा आकडा चढत जातो, बहुतेकांचा चढतो. सगळ्यांचा चढतो म्हणून तो बरोबर ठरत नाही. दवाखान्यात कुणी म्हातारा म्हणाला, "सिस्टर, वयाच्या मानानं ठीकच हाय ना?" की मी चिडते. वयाला मान द्यायचा तो पाया पडून, बीपी वाढवून नव्हे.

हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये तुम्ही चाळीस वर्षं कापूस पारखलात. चिमूटभर कापूस दोन्ही हातांनी ओढून धाग्याची लांबी सांगायचात, आणि सुताएवढा फरकही तुम्हाला चालायचा नाही. त्याच बोटांनी स्वतःची नाडी बघून म्हणायचात, "बोटाले समजते सारं." बीपी बोटाला समजत नाही, बाबा. कितीदा सांगितलं.

दोन हजार साल लागायच्या आधीचा तो रविवार. मी दवाखान्यातलं पाऱ्याचं यंत्र घरी आणलेलं. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसला आहात, हात पिठाच्या डब्यावर. पारा एकशे सत्तरवर. तुम्ही हसता. "शंभर अन् अडुसष्ट. दोनच वर हाय. दोनानं काय होते वो माय?"

पुढचा हंगाम लागायच्या आत तुमचा उजवा हात लुळा पडला. आठव्या दिवशी तुम्ही गेलात. माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. त्या रागानंच मी आज घरोघरी जाऊन लोकांच्या दंडाला पट्टा बांधते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून यंत्राच्या पेटीतच ठेवते आहे. घरात मी आजवर सांगत आले की त्या रविवारी मी गोळीसाठी तुमच्याशी भांडले, तुम्हीच ऐकलं नाही. मी भांडले नव्हते. तुम्ही विचारून माझ्याकडे बघत होतात, खरंच विचारत होतात. सुट्टीचा दिवस होता, वांग्याची भाजी करपत होती. पट्टा गुंडाळता गुंडाळता मी म्हटलं होतं, "काई नाई होत, बाबा."