बिनफोडणीचं ताट

प्रिय नयन,

आईने तीन दिवस अन्नाला हात लावलेला नाही आणि तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच. फाडायचं असेल तर नंतर फाड.

आंबिवलीच्या शुश्रूषा केंद्रात तिला ठेवलं ते माझ्याच हट्टाने. तिथलं जेवण पूर्ण वनस्पतिजन्य, बिनफोडणीचं, दूधसुद्धा सोयाबीनचं. तिच्या किडनीसाठी डॉक्टरांनी तेच सुचवलं होतं आणि पायांची सूज उतरली, हे तूही पाहिलंस. म्हणूनच तू सुकट लपवून आणलीस तेव्हा मी सगळ्या वॉर्डासमोर तुला बोलले. पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस म्हणाले. तू मानी. महिना झाला, आली नाहीस.

मग आईचं खाणं कमी होत गेलं. मला वाटलं, जिभेचे चोचले. रागावले. परवा खिचडी भरवताना तिचा जबडा धरला, हेही लिहून टाकते. काल तिने माझं मनगट पकडून विचारलं, "कोन गेला गो आपल्या घरान?"

मला कळेना. तिनेच एकेक बोट दुमडत सांगितलं. मासळी नाही, फोडणी नाही, चूल पेटत नाही, ताट दुसऱ्यांच्या हातून येतं. आपल्याकडे असं कधी होतं, नयन? बाबा गेले तेव्हा बारा दिवस शेजारून असंच ताट यायचं. तू बोंबलासाठी रडायचीस आणि मी तुला दटावायचे. मला तरी आठवायला हवं होतं. पदवीधर बाई, प्रथिनांचा तक्ता पाठ केला, आणि आई इतके दिवस सुतकाचं जेवते आहे हे कळलं नाही.

कोण गेलं, तेही तिने ठरवलंय. जी दिसेनाशी झाली ती. "माजी नयन गेली ना? मना सांगत नाय तुमी." माझ्या सान्वीच्या लग्नातला तुझा व्हिडिओ दाखवला. "मेलेल्यांचाच असा दाखवतान," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

उद्या अकरा वाजता नाकातून नळी घालणार आहेत. ती ओढून काढेल, म्हणून हात बांधावे लागतील. माझ्याने ते बघवणार नाही गं. मासळी आणू नकोस, त्यासाठी बोलावत नाही. तू ये. तिच्यासमोर बस, तिला तुझा हात चाचपू दे, तिच्याच ताटातला एक घास तूही खा. मला माफ करायला येऊ नकोस. मी वॉर्डाबाहेर थांबेन. खोपटहून सकाळीच निघ.

तुझीच,
विनिताताई

तुझ्या भावजींच्या हाती, संध्याकाळी सहा वाजता दिलं: हे पत्र. तुझ्या नावाचा भेटीचा पास. आईच्या जेवणाचे आणि उपचारांचे निर्णय यापुढे नयनने घ्यावेत, असा केंद्राच्या शिक्क्याचा कागद, माझ्या सहीचा.