अक्रोडाच्या झाडाची दुसरी बाजू

तीर्थस्वरूप फिर्मां दादास,

धाकट्या ओदेतचा नमस्कार, आणि रीतीप्रमाणे दोन्ही गालांवर नाही, एकाच गालावर मुका. (दुसरा गाल तू माफी मागेपर्यंत राखून ठेवला आहे.) तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला? विचारायची रीत आहे म्हणून विचारते. दोन वर्षं आपण बोलत नसलो तरी पावाच्या दुकानात सगळं कळतं. छत्तीस वर्षं मी टपालाच्या पिवळ्या गाडीतून या डोंगरात दुसऱ्यांची पत्रं वाटली, स्वतः मात्र हे पहिलंच लिहिते आहे. तेव्हा नीट वाच, लगेच चुलीत घालू नकोस.

तर, मी तत्त्वज्ञान शिकते आहे. हसून घे. गावच्या वाचनालयात दर शनिवारी सकाळी 'ज्यांना काहीच येत नाही अशांसाठी' वर्ग निघाला. ती पाटी मला उद्देशूनच लावल्यासारखी वाटली, म्हणून तिरीमिरीत नाव घातलं. शिकवायला मॉस्यो लेस्कूर, वय अठ्ठावीस, मिशी अजून ठरायची आहे. पहिल्याच दिवशी टेबलावर हात ठेवून म्हणाले, "हे टेबल खरंच आहे, कशावरून?" मी म्हटलं, "आत्ताच माझा गुडघा आपटलाय त्याच्यावर, त्याला विचारा." लोक हसले. लेस्कूरनी मात्र शांतपणे फळ्यावर लिहिलं, 'गुडघ्याची साक्ष', आणि सबंध तास माझ्या गुडघ्यावर घेतला. (स्वप्नातही गुडघा दुखतो का? दुखतो, दादा. मी तपासलं.) त्यानंतर दोन दिवस मी कॉफीच्या भांड्याकडेही संशयाने बघत होते.

मग आला निबंध. आपल्याकडची जुनी खोड तुला शाळेपासून ठाऊक आहे: आधी एक बाजू मांडायची, मग तितक्याच जोराने उलटी, मग दोन्हींच्या पलीकडचं तिसरं काहीतरी. विषय होता, दिलेला शब्द मोडणं कधी योग्य असू शकतं का? मी मनात म्हटलं, आता सापडलास फिर्मां. पहिल्या बाजूत तुझं नाव न घेता तुला सोलून काढलं. बाबांनी शेवटच्या दुखण्यात हात धरून सांगितलं, अक्रोडाला हात लावू नकोस. तू हो म्हणालास. आणि वर्ष फिरायच्या आत झाड आडवं केलंस. चार पानं झाली, तरी हात थांबेना.

दुसऱ्या बाजूला माझा साफ नकार होता. मी म्हटलं, "याला दुसरी बाजूच नाही." लेस्कूर म्हणाले, "ओदेतबाई, मग तुम्हाला पहिलीही कळलेली नाही." माझं डोकंच फिरलं. घरी येऊन निव्वळ हट्टाने लिहायला बसले. झाड बहिणीच्या (म्हणजे माझ्याच) छपरावर कललं होतं, बुंधा आतून पोखरला होता, आणि बाबा हिंडतेफिरते असते तर कुऱ्हाड त्यांनीच काढली असती, वगैरे. म्हणजे तू तेव्हा फाटकात उभा राहून ओरडत होतास तेच, फक्त शुद्धलेखन सुधारून.

काल निबंध परत आला. वीसपैकी चौदा. (वीस इथे देवालाही देत नाहीत.) पहिल्या बाजूवर लाल शेरा: 'राग भरपूर, कारण एकही नाही.' दुसरीवर: 'उत्तम. लेखिकेचं खरं मत हेच दिसतं.' मी भर वर्गात उभी राहून सांगितलं की माझं मत बदललेलं नाही, बदलणार नाही, आणि लिहिलं म्हणून ते पटलं असं होत नाही. तुलाही तेच सांगते.

तुझी, अजून रागावलेली,
ओदेत

ता. क. तिसरा भाग मी कोराच दिला होता. लेस्कूर म्हणतात, पंधरा दिवसांत लिहून आणा, आणि तो तुम्हाला एकटीने जमणार नाही. तेव्हा येत्या रविवारी जेवायला या दोघं. हिरवे मसूर आणि सॉसेज आहे. तुझा रंधा घेऊन ये. भांडणाच्या दिवशी टाकून गेलास त्या अक्रोडाच्या फळ्या कोठारात कोरड्या ठेवल्या आहेत; एक टेबल निघेल. ते खरंच आहे की नाही, हे आपापल्या गुडघ्याने पाहू.

ता. क. दुसरा. जानेवारीतल्या वादळात गल्लीतली चार छपरं बसली, माझं शाबूत राहिलं. मी सकाळपर्यंत घोरत होते. हे निबंधात मुद्दामच घातलं नाही, नाहीतर सोळा मिळाले असते. दुसऱ्या गालाचं रविवारी बघू.