वाघळाचं तेल

शिराळा, १२ फेब्रुवारी १९६४, संध्याकाळ

कराडची एस.टी. चुकली. चुकली कसली, शाळेत वटवाघळांवर भाषण आहे म्हणून मीच रेंगाळलो. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

भिंतीवर चित्र होतं, उलटी लटकलेली मादी आणि तिच्या पोटाशी पिल्लू. इकडे माझ्या पिशवीत आईच्या गुडघ्यांसाठी घेतलेलं वाघळाचं तेल. बाटलीचं बूच सैल, कपड्यांना सगळा तोच वास.

भाषणाला आलेले प्राध्यापक म्हणाले, या तेलात औषध काहीच नसतं, लोक उगाच मारतात बिचाऱ्यांना. तसा एक म्हातारा उठला.

"आवं सायेब, माझी कंबर ह्याच तेलानं हलाय लागली. खोटं बोलतोय व्हय मी?"

"चोळून कोण देतं, बाबा?"

"सून. रोज सांजच्याला. लय जोर हाय तिच्या हातात."

"मग गुण त्या हातांचा. गोडं तेलही चाललं असतं."

"म्हातारबा, सुनंला जपा आता!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

बाटली आईला द्यायची आणि तसंच पुढं निघायचं, असं ठरवलं होतं. कुठं, ते अजून ठरलेलं नाही. कराडच्या पुढं, वडूजच्या घरात ती एकटी. तिला वाकताही येत नाही, चोळणार कोण?

पिल्लाला घेऊन ती मादी उडते कशी, हे विचारायचं राहिलंच.

बूच पुन्हा दाबलं. वास जात नाही. दारात पाऊल टाकलं की आई नेहमीचंच विचारणार, "किती दिस हाईस रं?" आजवर काहीतरी तिच्या हातात ठेवून वेळ मारून नेली. आता हातात हीच बाटली आहे.