कोंब न फुटणारा गहू

सर, तुमचा गहू अजून जिवंत आहे आणि त्यानं माझं पार वाटोळं केलंय. तुम्ही सुटलात. मी मात्र दिल्लीच्या या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात, एसीच्या खोलीत, तुमच्या बाटल्यांना खाऊ घालत बसलेय. आठवतं ना, कोवळ्या दाण्यातला गर्भ काढून तुम्ही बाटलीतल्या खरवसासारख्या थरथरत्या खाद्यावर ठेवला होतात? त्याचा पिवळट गोळा झाला आणि तुम्ही अख्ख्या प्रयोगशाळेला पेढे वाटलेत. या गोळ्यांतून कोंब फुटतील, त्यातून उन्हाला न डगमगणारा गहू निवडू, म्हणत होतात. मी पहिल्यांदा गोळा उचलते, चिमटा नुकताच ज्योतीतून काढलेला, आणि तुम्ही ओरडता, "अगं, लेकराला डाग देतेस का? गार होऊ दे आधी!" केवढं रडू आलं होतं मला. संध्याकाळी सरोजिनी नगरच्या तुमच्या क्वार्टरमध्ये काकूंनी थालीपीठ वाढलं. तुम्ही लोणी माझ्या ताटाकडे सरकवलंत.

शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलातही तुमचं एकच, "त्यांना उपाशी ठेवू नकोस." नाही ठेवलं. दर महिन्याला नवं खाद्य, नवी बाटली. मूळ बी केव्हाच उगवेनासं झालं, उरले ते हे गोळे. पण गोळा म्हातारा झाला की नुसता फुगतो, फार तर मुळं सोडतो, कोंब काही फुटत नाही, हे तुम्हीच शिकवलंत की! आमच्या नव्या मॅडम परवा म्हणाल्या, "अब छोड़ो यार, फेंक दो. ट्रान्सफर ले लो, माँ अकेली है ना?" बदली खरंच हातात आली होती, आईच्या गावापासून तासाभरावर. मी नको म्हटलं. आईला फोनवर सांगितलं, सरांचं काम अर्धवट आहे. ती म्हणाली, "अगं, गेलेल्या माणसाचं किती दिवस करशील? मी अजून आहे ना." मला संतापच आला. फोन ठेवून दिला.

आज पुन्हा बाटल्या बदलल्या. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं, नाहीतर पुन्हा ओरडला असतात. कोंब फुटणार नाही, हे मला केव्हाच कळलंय, सर. पण आईच्या घरात, तिला विचारून चहा टाकणारी मुलगी मला परत व्हायचं नाही. नुसत्या विचारानं जीव घुसमटतो. हे तिला कसं सांगू? म्हणून तुमचं नाव सांगते.